तेवीस नंबरचं बुजगावणं

नोरा ऑल्डरसनच्या नजरेतून काही सुटत नाही असं सगळ्या खोऱ्यात बोललं जायचं, आणि हे बोलणं पसरवण्यात खुद्द नोराचा वाटा काही लहान नव्हता. रेथबीच्या शाळेच्या स्वयंपाकघरात तिने सव्वीस वर्षं काढली. कुस्करलेल्या बटाट्याखाली गाजरं कोण दडवतो, पुडिंगच्या दुसऱ्या वाटीसाठी कोण टोपी बदलून पुन्हा रांगेत येतो, हे तिला पाठमोरी असतानाही कळायचं. ती पोरं मोठी झाली, त्यांची पोरं त्याच शाळेत आली, तरी नोरा समोरून आली की बापलोकसुद्धा उगीचच ताठ उभे राहत.

ती निवृत्त झाली आणि दुसऱ्याच वर्षी नवरा, सिरिल, गेला. घरात बसून भिंतीवरच्या घड्याळाशी भांडण्यापेक्षा तिने म्हाताऱ्यांना मिळतो तो फुकटचा बसपास उचलला आणि दर मंगळवारी यॉर्कशरमधलं एकेक गाव पालथं घालायला सुरुवात केली. घरी येऊन ती जे पाहिलं ते लिहायची. एक कागद तिने परगण्याच्या साप्ताहिकाला धाडला. संपादकाने तो छापला आणि आणखी मागितला. तेव्हापासून अकरा वर्षं, दर गुरुवारी, तिसऱ्या पानावर उजवीकडे खाली तिचं ‘बसच्या खिडकीतून’ यायचं.

गाव जोखायची तिची पद्धत ठरलेली होती. आधी बसचा निवारा बघायचा, मग चर्चच्या आवारातलं गवत, आणि मग चौकात नुसतं उभं राहून मोजायचं, की “हरवलात का हो?” असं विचारायला कुणाला किती मिनिटं लागतात. तीन मिनिटांच्या आत कुणी विचारलं तर ते गाव भलं. लिखाण म्हणाल तर मोजकं आणि तिखट. ‘थॉर्नगिल : चर्च थंड, चहा गरम, माणसं कोमट.’ एवढं एक वाक्य छापून आलं आणि पुढच्या आठवड्यात थॉर्नगिलच्या पाद्रीबुवांनी बाह्या सरसावून स्वतः बसचा निवारा घासला. एका बाजाराच्या गावातल्या खाटकाने तर तिला सॉसेज विकायचंच बंद केलं. नोराला या गोष्टींचा मनातून फार आनंद व्हायचा. तो ती लपवायचीही नाही.

हा आनंद नासवणारा एकच माणूस होता. ऑल्डबेकचा विल्फ मेटकाफ.

विल्फने जन्मभर डोंगरावरच्या मेंढवाड्यांच्या भिंती रचल्या, चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. एकटा राहायचा. बोलणं इतकं कमी की लोक त्याला हवामान विचारायचे तेव्हा तो फक्त आभाळाकडे बघायचा. पण नोराच्या लेखात चूक झाली की शनिवारी तिच्या दारात त्याचं पोस्टकार्ड पडलंच म्हणून समजा. ‘ऑल्डबेकच्या चर्चला घंटा तीन नाहीत. चार आहेत. चौथी तडकली आहे म्हणून वाजवत नाहीत. वि. मेटकाफ.’ ‘पुलाला पाचवी कमानही आहे. ती पुरात दिसते. पुरात यावे. वि. मेटकाफ.’ नमस्कार नाही, चमत्कार नाही. अकरा वर्षांत एकसष्ट कार्डं. नोराने ती बिस्किटांच्या डब्यात ठेवली होती, आणि दर वेळी चडफडत, बस पकडून, ती जाऊन खात्री करून यायची. दर वेळी त्याचंच बरोबर निघायचं.

“एका ओळीची दुरुस्ती छापून टाकू या,” संपादक म्हणायचा.

“माझ्या सदराखाली दुरुस्ती येणार नाही,” नोरा म्हणायची. “मी मेल्यावर छाप हवी तर.”

दोघांची प्रत्यक्ष गाठ एकदाच पडली होती, कुणाच्या तरी दफनानंतरच्या चहाला. विल्फ कोपऱ्यात उभ्याने हॅमचं सँडविच खात होता.

“तुम्हीच का ते मेटकाफ?” तिने विचारलं.

“तुम्हीच का त्या?” तो म्हणाला, आणि टोपी घालून निघून गेला.

ऑल्डबेकमध्ये मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी बुजगावण्यांची जत्रा भरते. घरोघरी अंगणात, फाटकावर, छपरावर माणसाएवढी बुजगावणी बसवतात. प्रत्येक घराला नंबर मिळतो, चार गावची माणसं बघायला येतात, सभागृहात चहा आणि केक, पितळी वाद्यांचा बँड, आणि शेवटी बक्षिसं. पूर्वी कधीतरी कौतुकाने हात लावताना पोस्टमास्तरच्या बुजगावण्याचं मुंडकं घरंगळून ओढ्यात गेलं होतं, तेव्हापासून एक नियम सक्त झाला होता. बुजगावण्याला हात लावायचा नाही. कुणीही नाही. तशी पाटीच प्रत्येक फाटकावर नंबरासोबत टांगलेली असायची.

विल्फ या प्रकाराला कधी शिवला नव्हता. जत्रेच्या दिवशी थर्मास घेऊन तो डोंगरावर निघून जायचा तो संध्याकाळी उतरायचा. आदल्या शरद ऋतूत नोराने लिहिलं, ‘ऑल्डबेकमध्ये मे महिन्यात सारी दारं हसतात, एकच दार बंद असतं.’ शनिवारी कार्ड आलं. ‘दार बंद नसते. त्याला कडीच नाही. ढकलून बघावे. वि. मेटकाफ.’ हे मात्र तपासायला ती गेली नाही.

त्या वर्षी जत्रेचा विषय होता ‘आपल्या खोऱ्यातली माणसं’. परीक्षक दुसऱ्या गावचा हवा असा रिवाज असल्यामुळे सभागृहाच्या समितीच्या हिल्डा पीकॉकने नोराला बोलावलं. तीस गुण : चेहऱ्याला दहा, कपड्यांना दहा, बसण्या-उभं राहण्याच्या ढबीला दहा. नोरा निळी फेल्टची टोपी घालून, पेन्सिल कानाला खोचून, पाठीला बाक न येऊ देता सकाळच्या बसमधून उतरली.

दुपारी दोनला दहा कमी असताना त्या दोघी विल्फच्या घरापाशी पोचल्या. फाटकावर तेवीस नंबर होता.

“अगं बाई!” हिल्डा फाटकाशीच थबकली. “फॉर्म टाकला तेव्हा मला वाटलं कुणीतरी चेष्टा केलीय. हा तर खरंच आला की गं वाटेवर! इतकी वर्षं नाक मुरडलं, आणि आता बघ, स्वतःलाच बनवून बसवलंय.”

दाराशेजारच्या बाकावर विल्फ मेटकाफ बसला होता. तीच टोपी, भुवयांपर्यंत ओढलेली. तोच कामाचा कोट, कमरेला सुतळी. बाह्यांत पेंढा अडकलेला, मांडीवर पेंढा, बुटांभोवती पेंढा. शेजारी एका बाईचा कोट अर्धवट पेंढा भरून टेकवलेला होता, त्याला मुंडकं नव्हतं.

“आणि स्वतः कुठाय?” नोराने विचारलं.

“असेल डोंगरावर. त्याला का लोकांची तोंडं बघवतात?”

त्यांच्या आधी दहाबारा माणसं येऊन गेली होती. आता मागे आणखी चारपाच उभी राहिली. एका जोडप्याने बाकाच्या दोन्ही बाजूंना उभं राहून फोटो काढून घेतला, नियम पाळून, हात न लावता.

नोरा वाकली. अगदी जवळून, वीतभर अंतरावरून तिने त्या चेहऱ्याकडे पाहिलं. हे ध्यानात ठेवा. वीतभर अंतर, लख्ख ऊन, आणि साऱ्या खोऱ्यातले सगळ्यांत तीक्ष्ण डोळे.

“दाढीचे खुंट बघ, हिल्डा. एकेक करून लावलेत.”

“कशाचे असतील गं?”

“डुकराचे केस. रंगाच्या ब्रशातले.”

“शी! आणि डोळ्यात पाणीसुद्धा आणलंय मेल्याने!”

“ग्लिसरीन. नाटकवाले लावतात.” नोरा सरळ झाली आणि तिने कानामागची पेन्सिल काढली. “कपड्यांना दहा. ढबीला दहा, असाच कुढत बसतो तो. पण तोंड बिघडवलं की. उजवा कोपरा बघ, पार हनुवटीला ओघळलाय.”

“खरा विल्फ तरी कधी सरळ तोंडाने बोलतो?” हिल्डा म्हणाली, आणि मागची माणसं खो खो हसली.

एक गुण कापून भागलं असतं. नोराला ते तेव्हाही कळत होतं. पण तिला ती एकसष्ट कार्डं आठवली, तडकलेली घंटा आठवली, पुरात दिसणारी कमान आठवली. सव्वीस वर्षं ज्या आवाजात ती आख्ख्या भोजनगृहाला गप्प बसवायची त्या आवाजात ती म्हणाली, “चेहऱ्याला सात! तोंड घाईत शिवलंय. तीन गेले. इतकी वर्षं माझ्या चुका काढतोय, आज माझी पाळी.”

पुन्हा हशा पिकला. दोघी पुढच्या घराकडे गेल्या.

त्यानंतर नोराने दोन कप चहा प्यायला. लिंबाचा केक खाल्ला, तो कोरडा होता असं वहीत लिहिलं. चर्चपुढच्या टपालवाल्या बाईच्या बुजगावण्याला एकोणतीस गुण पडले होते, सायकलवरच्या सुईणीला अठ्ठावीस, आणि तेवीस नंबरला सत्तावीस. तिसरं बक्षीस. चार वाजून गेल्यावर बँडने सूर धरला आणि सगळा लोंढा परीक्षकबाईंच्या मागून निघाला. त्या दिवसापुरता, त्या एका कामापुरता, बुजगावण्याला हात लावायचा अधिकार फक्त परीक्षकाला असायचा. प्रत्येक विजेत्याच्या छातीवर रिबिनीचा बिल्ला तिनेच टाचायचा.

पाचला पंचवीस मिनिटं कमी होती. तेवीस नंबरच्या अंगणात माणसं दाटीवाटीने उभी राहिली. नोराने हिरवा बिल्ला घेतला, कोटाची कड धरली, आणि पिन आत घुसू नये म्हणून डावा हात कोटाखाली सरकवला.

आत ऊब होती.

पहिला विचार तिच्या मनात आला तो असा, की आत मांजर शिरून बसलंय. पेंढ्यात मांजरं शिरतातच. तिने बोटं जरा दाबली. बोटांखाली काहीतरी धडधडत होतं. मग शर्टाचं बटण लागलं, मग कातडी लागली. तिने मान वर केली तेव्हा टोपीच्या कडेखाली एक डोळा हळूहळू फिरला आणि तिच्या डोळ्यांवर येऊन थांबला.

नोरा किंचाळली नाही. लोकांनी नंतर सांगितलं की ती किंचाळली, पण तिच्या तोंडून आवाजच फुटला नव्हता. ओरडली ती हिल्डा. पुढच्या माणसांना वाटलं हाही जत्रेतलाच एखादा प्रकार, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बँडला तर काहीच कळलं नव्हतं. नोरा गुडघ्यांवर बसून त्या थंडगार उजव्या हाताला चोळत होती, बिल्ला चिखलात पडला होता, आणि फाटकाबाहेर तुताऱ्या आनंदात वाजत होत्या. तो बँड थांबवायला कुणालातरी धावत जाऊन बँडमास्तरचा हात धरावा लागला.

क्रिकेटच्या मैदानावर हेलिकॉप्टर उतरलं. लोक हातात केकच्या बश्या घेऊन उभे होते. बश्या खाली ठेवायचं कुणाला सुचलं नाही.

विल्फच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. डॉक्टर तरुण होती आणि थकलेली होती. तिने हिल्डाला आणि नोराला बाहेर बाकावर बसवून सांगितलं की तोंड वाकडं होणं ही अगदी पहिली खूण असते, शाळेतल्या पोरांनाही ती आता शिकवतात. पहिल्या दोनतीन तासांत आणलं असतं तर एक औषध देता आलं असतं. आता उजवा हात परत येईल असं वाटत नाही, आणि वाचेचंही सांगता येत नाही.

“साधारण किती वाजता झालं असेल?” डॉक्टरने विचारलं.

“दोनच्या आधी,” नोरा म्हणाली. “दोनला दहा कमी असताना तोंड वाकडं होतं. मी त्याचे गुण कापले.”

डॉक्टरला ते समजलं नाही. तिने नुसतं दोनच्या आधी एवढंच लिहून घेतलं.

“त्यांना कळत होतं का?” नोराने विचारलं. “म्हणजे, आम्ही तिथे...”

“बहुधा नाही,” डॉक्टर म्हणाली. “अशा वेळी माणूस गुंगीतच असतो.”

या ‘बहुधा नाही’ला नोराने बुडत्या माणसासारखी मिठी मारली. रात्रंदिवस ते दोन शब्द ती मनात घोळवत राहिली.

दुसऱ्या दिवशी विल्फचे कपडे आणायला दोघी त्याच्या घरी गेल्या. नोराने दार ढकललं. त्याला खरोखरच कडी नव्हती.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर पिठाच्या पिशवीचं एक मुंडकं ठेवलेलं होतं, पेंढा भरून नीट गोल केलेलं. त्यावर निळी फेल्टची टोपी, तारेचा चष्मा. नाक लोकरीचं होतं, आणि कानाला खोचलेली पेन्सिल अगदी खरी होती. तोंड अजून शिवायचं राहिलं होतं. शेजारी पुठ्ठ्यावर त्या ओळखीच्या अक्षरात लिहिलं होतं : ‘नंबर २३. नोरा ऑल्डरसन, रेथबी. परगणा बसमधून बघणाऱ्या बाई.’

“तुला बनवत होता,” हिल्डा हळूच म्हणाली. “कोटात पेंढा भरायला बाहेर बसला असणार, आणि तिथेच...”

नोराचं लक्ष दुसरीकडे होतं. खिडकीखाली वह्या रचलेल्या होत्या. पहिली उघडली. प्रत्येक पानावर तिचा एकेक लेख चिकटवलेला, आणि ओळीओळीला पेन्सिलीने बारीक बरोबरची खूण केलेली. अकरा वर्षांचे लेख. चुका तिथे एकसष्टच होत्या. बरोबरच्या खुणा हजारो होत्या, आणि त्यांच्याबद्दल त्याने कधीच कार्ड टाकलं नव्हतं.

“सव्वाशे माणसं गेली गं त्याच्यासमोरून,” हिल्डा रडायला लागली. “एकालाही कळू नये? मी वीस वर्षं शेजारी राहते, नोरा. फोटो काढलाय मी त्याचा.”

“तुम्ही सगळे बघायला आला होतात,” नोरा म्हणाली. “मला तपासायला बोलावलं होतं.”

त्या आठवड्यात खोऱ्यातले सगळे फोटो गुपचूप नाहीसे झाले. दुकानात, बसमध्ये त्या शनिवारचं नाव काढलं की लोकांना अचानक मेंढ्यांच्या भावाची आठवण व्हायची. ‘कुणाच्याही लक्षात आलं नसतं’ हे वाक्य जो तो दुसऱ्याला सांगत होता आणि परत ऐकून घेत होता. संपादक फोनवर म्हणाला, या गुरुवारी सदर नको, विश्रांती घ्या. नोरा म्हणाली, या गुरुवारी सदर आलं नाही तर पुन्हा कधीच येणार नाही.

तिने सगळं लिहिलं. डुकराचे केस सोडून. आपण वीतभर अंतरावरून पाहिलं, पावणेतीन तास वाया घालवले, केक खाल्ला, हे लिहिलं. ‘तोंड वाकडं दिसलं म्हणून मी तीन गुण’ इथपर्यंत आली आणि पेन थांबलं. तीनमध्ये एक गुण तोंडाचा होता आणि दोन तिच्या आकसाचे, हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक होतं? गुणांचा कागद हिल्डाने केव्हाच चुलीत घातला होता, आणि तिथे हसलेली माणसं तो आकडा आठवायला तयार नव्हती. तिने तीन खोडून दोन केले. पुढे लिहिलं, ‘मेटकाफ यांना यातलं काहीही कळलं नाही, एवढाच दिलासा.’ लेख छापून आला. खोऱ्यात लोकांनी तिच्या धाडसाचं कौतुक केलं. बाया रस्त्यात थांबवून तिचा हात दाबायच्या. ‘त्याला काही कळलं नाही, हे लिहिलंत ते फार बरं केलंत,’ असं त्या म्हणायच्या, आणि त्यांचे डोळे भरून यायचे. नोराला रात्री त्या दोनच्या आकड्याखालचा खोडलेला तीन दिसायचा.

विल्फला भेटायला ती गेली नाही. उद्या जाईन, बस चुकली, आज पाऊस आहे, असं करत जून गेला, जुलै गेला.

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी दारात पोस्टकार्ड पडलं. पत्त्याची अक्षरं लहान मुलाने काढल्यासारखी वाकडीतिकडी, ओळ खाली घसरत गेलेली. नोराने पायरीवर बसून कार्ड उलटं केलं.

‘दोन नाही. तीन. वि. मेटकाफ.’

ती किती वेळ तिथे बसून होती कुणास ठाऊक. दूधवाला येऊन गेला, त्याने काहीतरी विचारलं, तिला ते ऐकू आलं नाही. तिच्या कानात तिचाच आवाज घुमत होता, भोजनगृहातला, मोठा, खणखणीत. चेहऱ्याला सात. आज माझी पाळी. त्या बाकावर एक माणूस आपल्याच अंगात कोंडला गेला होता आणि ती त्याच्या तोंडावर हे बोलली होती. मागे लोक हसत होते. डोळ्यांतलं ते पाणी ग्लिसरीनचं नव्हतं.

दुपारच्या बसने ती इस्पितळात पोचली. विल्फ खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसला होता. उजवा हात उशीवर ठेवलेला, तोंड अजून तसंच. मांडीवर एक पाटी होती आणि दोऱ्याने बांधलेली पेन्सिल.

“बोलता येत नाही त्यांना,” नर्स म्हणाली. “पण समजतं सगळं. डाव्या हाताने लिहितात, वेळ लागतो. तुम्ही घाई करू नका हं.”

नोरा समोर उभी राहिली. बसायचं धैर्य होईना.

“मिस्टर मेटकाफ, तुम्ही ऐकत होतात.”

त्याने मान हलवली.

“सगळं?”

त्याने पुन्हा मान हलवली. मग पेन्सिल उचलली. एकेक अक्षर काढायला त्याला इतका वेळ लागत होता की नोराला ते वाचायच्या आधीच कळलं, आणि तरीही ती तिथून हलू शकली नाही.

‘डुकराचे केस.’

नोरा रडली. ती सिरिलच्या वेळीही चारचौघांत रडली नव्हती. “मी बघितलंच नाही हो,” ती म्हणाली. “तुमच्या तोंडापाशी तोंड नेलं आणि बघितलं नाही. ते तीन तोंडाचे नव्हते. एक तोंडाचा होता. बाकीचे कार्डांचे होते. आणि मग छापताना लाज वाटली, म्हणून दोन लिहिले. मला वाटलं कुणालाच आठवणार नाही.”

विल्फ तिच्याकडे बघत होता. कोटाखाली हात घातला तेव्हा जसा तो डोळा येऊन थांबला होता तसाच. त्यात राग होता का, हे तिला कळेना. आपल्याला नजरेने काही कळतं, यावर तिचा आता विश्वास उरला नव्हता.

“मी काय करू?” तिने विचारलं. “तुम्ही सांगा. म्हणाल ते करीन.”

त्याने बोट ओलं करून पाटी पुसली. डाव्या हाताने पेन्सिल सावरली, आणि खाली मान घालून, एक दगड नीट बसल्याशिवाय दुसरा न उचलणाऱ्या माणसाच्या सवयीने, एकच शब्द लिहिला.

‘छापा.’

पुढच्या गुरुवारी, अकरा वर्षांत पहिल्यांदाच, तिसऱ्या पानावर उजवीकडे खाली लेख नव्हता. फक्त चार ओळी होत्या. खोऱ्यातल्या प्रत्येक घरात त्या वाचल्या गेल्या.

‘दुरुस्ती. या सदरात पूर्वी “दोन गुण” असे छापले होते. ते तीन होते. मेटकाफ यांना काही कळले नाही, असेही छापले होते. ते शुद्धीवर होते. आपण सगळे त्यांच्यासमोरून जात असताना ते आपल्याला बघत होते. नोरा ऑल्डरसन.’